पाणीपातळी स्थिर

सांगलीत पावसाळ्यात माणूस माणसाला 'बरे आहात ना?' असं विचारत नाही, 'आयर्विनला किती?' असं विचारतो, म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी किती फूट. 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका. इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी हे आकडे पाठ होतात. आमचं घर गावभागात. 2019 साली आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या घरात गेलं, तेव्हा आमचं शिसवी कपाट तळमजल्याच्या या खोलीतून त्या खोलीत स्वतःहून गेलं होतं. त्यामुळं माझं ऑपरेशन झाल्यावर आमच्या ह्यांनी रोज सकाळी वजनकाट्याशी वाकून "पातळी किती?" असं विचारायला सुरुवात केली, त्याचं मला फारसं वाटलं नाही. राग यायला लागला तो नंतर.

ऑपरेशन बॅरिएट्रिकचं, म्हणजे वजन उतरवायला पोट लहान करण्याचं. उंची पाच फूट, वजन 106, वय 51, मधुमेह, गुडघे आणि सहकारी बँकेच्या काउंटरवर बसून काढलेली 27 वर्षं, असा सगळा ऐवज घेऊन मी मिरजेच्या एका डॉक्टरांकडं गेले होते. त्यांनी कागदावर पोटाची पिशवी काढली, तिच्यावर उभी रेघ मारली आणि म्हणाले, "हा ऐंशी टक्के भाग काढून टाकायचा. उरेल ते केळ्याएवढं." भूक लागल्याचा निरोप मेंदूला धाडणारं संप्रेरक बरंचसं त्या काढलेल्या भागातच तयार होतं, म्हणून भूकही कमी होते, असं त्यांनी सांगितलं. घरी येऊन मी हे सासूबाईंना समजावलं. त्या ८४ वर्षांच्या. शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "एवढं पोट काढतायत, तर त्याचं वजन तिथल्या तिथं कमी होईल की नाही?"

नाही झालं. उलट वाढलं. डिस्चार्जच्या दिवशी काट्यावर उभी राहिले तर 107.8. सलाईनचं पाणी अंगात साठतं, दोन-चार दिवसांत निघून जातं, असं सिस्टरनं सांगितलं. पण लाखांत बिल भरून, पोट तिथंच ठेवून, वर दोन किलो घेऊन घरी येणारी बाई सांगली-मिरज रस्त्यावर त्या दिवशी मीच एकटी असणार.

त्याच सिस्टरनं ऑपरेशनच्या सकाळी माझ्या हातातल्या पाटल्यांशी अर्धा तास झुंज दिली होती. अंगावर धातू चालत नाही. साबण झाला, खोबरेल झालं, दोरा गुंडाळून झाला. लग्नानंतर दोन वर्षांनी चढवलेल्या पाटल्या. मनगट त्यांच्या दोन्ही बाजूंनी फुगून आलेलं, तार बांधलेल्या खोडासारखं. शेवटी तिनं वरून चिकटपट्टी गुंडाळली आणि म्हणाली, "राहू देत काकू, तुमच्यासोबतच येतील आत."

आता बेदाणेवाल्यांबद्दल सांगायला हवं. माझ्या आधीचा नंबर त्यांचा. तासगावकडचे द्राक्षबागायतदार, वय 38, वजन 152. ऑपरेशन एकाच दिवशी, एकाच डॉक्टरांच्या हातून. दुसऱ्या दिवशी कॉरिडॉरमध्ये सलाईनचा स्टँड ढकलत फेऱ्या मारताना ओळख झाली. "ताई, आपण एका तारखेचं भाऊ-बहीण," असं ते म्हणाले. मला भरून आलं. तो स्टँडवरचा जिव्हाळा एका महिन्यात आटला.

महिन्यानं तपासणीला गेलो तर त्यांचे 17 किलो गेले होते. माझे साडेसात. आणि ते साडेसातही पहिल्या तीन आठवड्यांतले. त्यानंतर काटा 98.5 वर जो बसला तो उठेचना. तेरा दिवस! मी काटा जिन्याखाली ठेवून पाहिला, देवघरात ठेवून पाहिला, सेल बदलले. केस ओले असतील तर वाळवून उभी राहिले. एकदा मंगळसूत्र काढून ठेवलं, तर सासूबाई काठी आपटत आल्या. आणि बाहेर वर्तमानपत्र वाचत बसलेले हे ओरडायचे, "पाणीपातळी स्थिर! कोयनेतून विसर्ग बंद!"

डॉक्टर म्हणाले, हे सगळ्यांचंच होतं. पहिल्या आठवड्यांत शरीर यकृतातली आणि स्नायूंतली साठवलेली साखर वापरतं, आणि त्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅमला तीनेक ग्रॅम पाणी धरून बसलेलं असतं. ते पाणी सुटतं म्हणून वजन धाडधाड उतरतं. पुढं शरीर सावध होतं, हात आखडता घेतं. मला ते लगेच पटलं. आमच्या बँकेतही हेच व्हायचं: चालू खात्यातून पैसे पटकन निघायचे, ठेव मोडायची म्हटलं की मॅनेजर खुर्ची पुढं ओढून "काय अडचण आहे का?" असं विचारायला बसायचा. माझ्या अंगातला मॅनेजर फारच कर्तव्यदक्ष निघाला.

तीन महिन्यांनी बेदाणेवाले 114 वर आले, मी 92 वर. अडतीस विरुद्ध चौदा. मी बँकेतली बाई. रकमेवर जाऊ नये, टक्केवारी काढावी, हे मला कळतं. पर्समधून कॅल्क्युलेटर काढला. त्यांचे मूळ वजनाच्या पंचवीस टक्के. माझे तेरा. मग म्हटलं, वजन असावं तेवढं वजा करून उरलेल्या जादा वजनावर हिशेब करू, डॉक्टर तसाच करतात. त्यांचे पन्नास, माझे एकोणतीस. व्याज सरळ लावा नाहीतर चक्रवाढ, खातं माझंच तोट्यात.

बेदाणेवाल्यांनी माझा चेहरा पाहिला आणि आपल्या धंद्यातून समजूत काढली. "हे बघा ताई, चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा होतो. पण रॅकवर एकाच दिवशी टाकलेला सगळा माल एकाच दिवशी वाळत नाही. जाड मणी असला तर पाणी लई निघतंय. बारीक मण्यात निघायला असतंय काय?" आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी बारीक म्हणालं होतं. डॉक्टरांनीही तेच वेगळ्या शब्दांत सांगितलं: पुरुषांचे स्नायू जास्त, वय कमी, सुरुवातीचं वजन जास्त, म्हणजे उतार जास्त; मधुमेह, थायरॉईड आणि पन्नाशी असली की चाल मंद. आणि मग सहज म्हणाले, "तुमचं इन्सुलिन बंद होऊन दोन महिने झाले, लक्षात आहे ना?"

होतं लक्षात. पण भाजी मंडईत कोणी "वहिनी, इन्सुलिन बंद झालं का?" असं विचारत नाही. विचारतात ते, "अजून तेवढ्याच दिसताय की!" आमराईत फिरायला जाते तिथं ओळखीच्या चार बायका आहेत. त्यातली एक रोज मला समोरून बघते, मग मागून बघते, आणि म्हणते, "चेहरा उतरलाय हं तुमचा." वजन उतरायचं राहिलं, चेहरा तेवढा उतरला. चौथ्या महिन्यात केसही उतरायला लागले. ते मात्र झपाट्यानं. कंगव्यात एवढे यायचे की त्यांचं वजन करून खात्यात जमा धरावं असा मोह व्हायचा.

जाऊबाईंचं तर विचारूच नका. त्यांनी त्याच तीन महिन्यांत दिवसातून दोनदाच जेवून नऊ किलो कमी केले. "एक रुपया खर्च नाही गं," हे वाक्य त्या दर भेटीत, साडीच्या निऱ्या मुद्दाम सावरत, म्हणत. (चौथ्या महिन्यात त्यांच्या भावाच्या मुलीचं लग्न निघालं आणि पाच किलो परत आले. मी काहीही बोलले नाही. पण मी काहीही बोलले नाही, हे त्यांना नीट दिसेल अशी बसले.)

त्या लग्नातलं माझं ताट सांगते. दोन चमचे वरण, पनीरचे तीन तुकडे, आणि मुलीकडच्यांच्या समाधानासाठी एक जिलबी, जी मी पापडाखाली लपवली. आधी प्रथिनं, मग बाकीचं, असा नियम आहे. घास बारीक चावायचा, जेवताना पाणी नाही, नंतर अर्धा तास नाही. इतकं सावकाश जेवते की पंगतीत दोनदा माझ्या शेजारची माणसं बदलली. वाढपी मठ्ठ्याचा जग घेऊन आला की मी ताटावर हात आडवा धरायचे. त्याला वाटलं बाई रागावल्यात. त्यानं यजमानांना बोलावून आणलं. घरी मात्र प्रश्न नसतो. सासूबाई माझी वाटी भरतात आणि म्हणतात, "देवाला दाखवतो तेवढंच आहे बघ." फरक एवढाच, की देवाला उरलेलं कोणी संपवायला लावत नाही.

नियम एकदाच मोडला. पाहुण्यांसाठी आणलेलं भडंग होतं, लसणाचा वास सुटलेला. एक मूठ घेतली, उभ्यानं, घाईत. शेंगदाणा छातीत असा अडकला की तोंडाला फेस आला आणि मी वीस मिनिटं मोरीत भिंतीला टेकून उभी. बाहेरून हे विचारत होते, "धोक्याची पातळी ओलांडली का?"

पुराचं एक मात्र खरं. चढताना पाणी रात्रीत पायऱ्या गिळत आलं होतं. उतरताना आम्ही माडीवरून पायऱ्या मोजत बसायचो: आज अर्धी दिसली, आज तिसरी ओली आहे म्हणजे खाली गेलं. समोरच्या घराच्या पायऱ्या आमच्याआधी उघड्या पडल्या म्हणून सासूबाई तेव्हाही चिडल्या होत्या. "त्यांचं उतरलं की!" वास्तविक त्यांचं जोतं उंच. हे त्यांना सांगायला गेलेल्या ह्यांना त्या दिवशी चहा मिळाला नव्हता. आता बेदाणेवाल्यांचा आकडा ऐकून मी घरी आले की चहा ह्यांनाच करावा लागतो.

परवा सकाळी भाकरीचं पीठ मळत होते. काटा तेव्हा 87.6 वर अडकून आठवा दिवस होता. परातीत काहीतरी खणकन वाजलं. पिठात हात घातला तर पाटली. दुसऱ्या हाताकडं पाहिलं, झटकला, तीही पडली. ना साबण, ना दोरा. मनगटावर पांढुरका, गुळगुळीत पट्टा, लहान मुलाच्या कातड्यासारखा. सासूबाई वाकून बघत म्हणाल्या, "आधी पीठ चाचपून घे. आणखी काही पडलंय का बघ." आणि मग, "सराफाकडं जा. लहान करून आण, नाहीतर हरवशील."

संध्याकाळी सराफ कट्ट्यावर गेले. सराफांनी पाटल्या पुसल्या, काचेच्या पेटीतल्या काट्यावर ठेवल्या, वाऱ्यानं आकडा हलू नये म्हणून छोटं दार लावलं, आणि आम्ही दोघं श्वास रोखून बघत राहिलो. त्यांनी माझी जुनी पिवळी पावती उलगडली, काट्याकडं पाहिलं, पुन्हा पावतीकडं. चश्मा काढला. अगदी दुःखी चेहऱ्यानं, आवाज खाली आणून म्हणाले,

"वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. पण घट आलीय हो. चांगली घट आलीय."

मी त्यांना म्हटलं, जरा ह्यांच्यासमोर परत म्हणाल का? ते बाहेर गाडी लावतायत.