आईला दोष देऊन मूल बोलायला लागत नाही

नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हल्ली 'व्हर्च्युअल ऑटिझम'चे, म्हणजे स्क्रीनमुळे येते म्हणतात त्या स्वमग्नतेचे, व्हिडिओ फिरतात. मूल बोलत नाही ते मोबाइलमुळे, आणि मोबाइल दिला आईनं, असा त्यांचा सूर. माझा लेक ऑटिस्टिक आहे; टोरोंटोत बसून ते ऐकताना संताप होतो. स्क्रीन कमी हवा, मान्य. पण एके काळी अमेरिकेतले डॉक्टरही ऑटिझमचं खापर आईच्या 'थंडपणा'वर फोडायचे. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञानं ते खोडून काढलं. तो स्वतः अशाच मुलाचा बाप होता. इतक्या वर्षांनी आपण तेच खापर पुन्हा उचलतोय.

इथे आम्हाला दोष मिळाला नाही, शिकवण मिळाली. लेक डाळ एका वाटीतून दुसरीत ओतत बसायचा. थेरपिस्ट म्हणाली, त्याच्यासमोर जमिनीवर बसा, प्रश्न विचारू नका. तो ओतेल तेव्हा 'ओत' म्हणा आणि गप्प राहा. गप्प राहणंच अवघड! आपल्याकडे 'हा रंग कुठला, सांग ना काकांना' याशिवाय पोराशी बोलणं होत नाही. नंतर तिनं आमच्या खेळाचा व्हिडिओ दाखवला: वाटी रिकामी झाल्यावर त्यानं माझ्या हाताकडे, मग तोंडाकडे पाहिलं होतं. हे त्याचं मागणं आहे, त्याला लगेच उत्तर द्या, ती म्हणाली. आणि हे सगळं मराठीत. दोन भाषांमुळे ऑटिस्टिक मुलांचं बोलणं मागे पडतं, असं संशोधनात दिसलेलं नाही.

इकडे सगळं आलबेल आहे असं मात्र नाही. आमच्या ऑन्टारिओ प्रांतात सरकारी मदतीच्या थेरपीसाठी मुलं वर्षानुवर्षं यादीत अडकतात. पालकांना शिकवलं म्हणून थेरपिस्टची गरज संपत नाही, हे सरकारला ठणकावून सांगावं लागतं.

महाराष्ट्रानं मात्र कॅनडाकडे नाही, शेजारच्या गोव्याकडे पाहावं. तिथल्या 'संगाथ' संस्थेनं ब्रिटनमधली 'पॅक्ट' ही, आईबापांनाच मुलाशी संवाद साधायला शिकवणारी पद्धत आपल्याकडच्या घरांना जुळवून घेतली. गोवा आणि रावळपिंडीतल्या ६५ मुलांवर तिची चाचणी झाली, निष्कर्ष २०१६ मध्ये आले. शिकवणारे तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे कार्यकर्ते होते. सहा महिन्यांत बारा सत्रं. आईबाप मुलाच्या कलानं घेऊ लागले आणि मुलं स्वतःहून संवाद सुरू करू लागली.

गडचिरोलीतल्या आईला पुण्याच्या थेरपी सेंटरचा पत्ता देऊन काय उपयोग? तिच्या दारी पोहोचतात त्या आशाताई आणि अंगणवाडीताई. त्यांना हे शिकवा. त्याचं वेगळं मानधन द्या, आणि हातातले चार सर्व्हे काढून घ्या.