ओवी शेअर करा, पण तिच्यामागचा इतिहासही सांगा

दर २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, फादर स्टीफन्सची मराठीची थोरवी गाणारी ओवी सगळीकडे फिरते. ओवी देखणी आहे, वादच नाही. पण ज्या 'ख्रिस्तपुराणा'तली, म्हणजे बायबलमधल्या कथा ओव्यांत सांगणाऱ्या त्याच्या मराठी काव्यातली ती आहे, ते कुठल्या परिस्थितीत छापलं गेलं याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. मला ते मनापासून खटकतं.

भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात आला. निघाला होता अबिसीनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला, पण गोव्यातच राहिला. चार वर्षांत इन्क्विझिशनही आलं, म्हणजे धर्मद्रोहाची चौकशी करून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय. देवळं पाडली गेली, घराघरांतल्या पोथ्या जप्त झाल्या. त्या कथांपैकी काही मिशनऱ्यांनी रोमन लिपीत उतरवून घेतल्या. कृष्णदास शामा या गोव्यातल्या कवीची कृष्णकथा त्यातलीच. ती बाडं आज पोर्तुगालमध्ये ब्रागाच्या ग्रंथालयात आहेत. आपल्याच लोकांना ज्या वाचायची बंदी, त्या पोथ्यांवर पाद्री मराठी शिकत होते!

स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आला. इंग्रज जेझुइट, म्हणजे 'सोसायटी ऑफ जीझस' या कॅथलिक संघाचा पाद्री. त्याचं पुराण १६१६ मध्ये गोव्यातल्याच साष्टी भागातल्या रायतूरला छापलं गेलं, जवळजवळ अकरा हजार ओव्या, आणि तेही इन्क्विझिशनच्या परवानगीने. त्यात एक प्रसंग आहे, तो प्रत्येकाने वाचायला हवा. नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रींना म्हणतो, आमची आधीची पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला वाचायला दुसरं काही का देत नाही? त्यावर पाद्री जे सांगतो, तेच हे पुराण. आधी लोकांच्या हातातली पोथी काढून घ्यायची आणि मग त्याच छंदात आपली द्यायची. सेन्सॉरशिप आणि प्रचार यांची सांगड कशी असते, हे प्रचारकाच्याच ग्रंथात इतकं उघड लिहिलेलं मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

स्टीफन्सचं मराठीवरचं प्रेम खोटं होतं असं मी अजिबात म्हणणार नाही. १६०८ मध्ये त्याने रोमला वरिष्ठांना पत्र लिहिलं होतं: इथल्या भाषेतली पुस्तकं इथल्याच लिपीत छापली जावीत ही आपली फार वर्षांची इच्छा आहे, पण युरोपात चोवीस अक्षरांत भागतं तिथे इथे अक्षरांचे सहाशे साचे पाडावे लागतील. ते साचे काही पडले नाहीत. पुराण रोमन लिपीतच छापलं गेलं.

पण गोव्यातल्या पोर्तुगीज सत्तेला भाषेचं प्रेम नव्हतं, भाषेचा उपयोग होता. तो संपल्यावर १६८४ मध्ये फर्मान निघालं: तीन वर्षांत स्थानिक भाषा सोडा, पोर्तुगीज बोला. पुढे १७५४ मध्ये पोर्तुगालच्या राजाने गोव्यात छपाईच बंद केली, ती थेट १८२१ पर्यंत. तोवर देवनागरीतलं मराठी छापून निघालं होतं, पण कुठे, तर पार बंगालमध्ये, श्रीरामपूरला. १८०५ साली. छापणारे तिथेही मिशनरीच.