वाकडा खिळा आणि लॉर्ड स्ट्रॅथकोना

निल्या बहिणीकडे कॅनडात महिनाभर राहून आला त्याला पंधरा दिवस झाले, तरी मोबाईलमधले फोटो काही संपत नाहीयेत. परवा टपरीवर त्याने एक दाखवला, रस्त्याकडेचं एक स्मारक, क्रेगेलाकी नावाचं ठिकाण. म्हणे इथे 7 नोव्हेंबर 1885 ला कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचा शेवटचा खिळा ठोकला. त्याखालीच तो जुना ब्लॅक अँड व्हाइट फोटो, पांढऱ्या दाढीचा म्हातारा उंच हॅट घालून रुळावर वाकलाय, हातात घण.

"हा डोनाल्ड स्मिथ. स्कॉटलंडच्या फॉरेस गावचा पोरगा, अठराव्या वर्षी कातडीचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीत लागला, पुढे लॉर्ड स्ट्रॅथकोना झाला. सेल्फ मेड माणूस राव!"

आमच्यातले काका रेल्वेतून पीडब्ल्यूआय, म्हणजे रुळांची देखरेख करणारे इन्स्पेक्टर, म्हणून रिटायर झालेत. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून फोटो बघितला. "हा माणूस रूळ टाकणाऱ्या गँगमधला नाही. याने खिळा वाकवला असणार."

आणि खरंच वाकवला होता! निल्याने स्वतःच कबूल केलं, पहिल्या ठोक्यांत खिळा वाकला, तो उपटून दुसरा लावावा लागला. काका खूश.

पक्याला सेल्फ मेड शब्दाची अ‍ॅलर्जी आहे, तो बँकेत आहे म्हणून असेल. तो म्हणाला, लॅब्राडोरच्या बर्फात हा कंपनीच्या ठाण्यावर वर्षानुवर्षं कातडी आणि मासे जमा करत होता ना, तिथे बाकीच्या अधिकाऱ्यांना पगार खर्च करायला जागाच नव्हती, मग याने त्यांचे पैसे घेतले, ठरावीक व्याज देतो म्हणाला, आणि ते शेअर्समध्ये लावून वरचा फायदा स्वतः ठेवला. "आपल्याकडे भिशीवाले करतात तेच."

"मग बँक काय करते रे?" निल्या.

त्यावर पक्या दोन मिनिटं गप्प. मग परत सुरू. 1869 ला रेड रिव्हरला, म्हणजे आजच्या मॅनिटोबात, मेटी लोकांनी (युरोपियन आणि स्थानिक अशा मिश्र वंशाचे) लुई रीएलच्या नेतृत्वाखाली बंड केलं, कारण कंपनीने सगळा मुलूख त्यांना न विचारता कॅनडाला देऊन टाकायचं ठरवलं होतं. आणि समजूत काढायला सरकारने कुणाला पाठवलं? त्याच कंपनीच्या माणसाला, स्मिथला.

इथे मात्र मला निल्याची बाजू घ्यावीशी वाटली. कारण जानेवारी 1870 मधली फोर्ट गॅरीची, तिथल्या कंपनीच्या ठाण्यावरची, ती सभा बघा ना, हाडं गोठवणारी थंडी, हजारभर माणसं उघड्यावर उभी, स्मिथ सरकारी कागद इंग्रजीत वाचतोय आणि त्याचं फ्रेंच भाषांतर कोण करतोय तर खुद्द रीएल! ज्याच्या विरुद्ध बोलायला आलास त्याच्याच तोंडून आपलं म्हणणं लोकांपर्यंत पोचवायचं, याला डोकं लागतं. सगळं सुरळीत झालं असं नाही, मार्चमध्ये रीएलच्या लोकांनी त्यांच्या कैदेतल्या थॉमस स्कॉटला गोळ्या घातल्याच, स्मिथने विनवण्या करूनही. पण बोलणी पुढे गेली.

"डोकं होतंच," पक्या म्हणाला, "दोन्ही डगरींवर हात ठेवणारं." 1873 ला रेल्वेच्या लाचखोरीचं प्रकरण गाजलं तेव्हा पंतप्रधान मॅकडोनाल्डला वाटत होतं स्मिथ आपल्याकडून बोलेल, हा रात्री उभा राहिला आणि विरोधात गेला, सरकार पडलं. पुढे त्याच मॅकडोनाल्डने त्याला संसदेत सगळ्यात मोठा खोटारडा म्हटलं. आणि तरीही मॅकडोनाल्ड परत सत्तेत आल्यावर रेल्वेचं कंत्राट झालं त्यात कागदावर स्मिथचं नाव नाही पण पैसा होताच, आणि खिळा ठोकायला पुढे हाच.

काका मात्र अजून फोटोतच. "यात गँग कुठाय?"

निल्या जरा ओशाळला. ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगरातल्या लाइनवर 15,000 च्या आसपास चिनी मजूर राबले, फोटोत एकही नाही, आणि लाइन झाली त्याच वर्षी कॅनडात येणाऱ्या चिन्यांवर डोईपट्टी, म्हणजे माणशी कर, 50 डॉलर बसली. काका "हं" म्हणाले फक्त.

मग स्मिथची पंचाहत्तरी निघाली. ज्या वयात आपल्याकडे माणूस सोसायटीच्या चेअरमनशी पाण्यावरून भांडतो त्या वयात, 1896 ला, हा लंडनमध्ये कॅनडाचा हायकमिशनर झाला आणि 1914 ला मरेपर्यंत, त्र्याण्णव वर्षांचा होईस्तोवर, खुर्ची सोडली नाही. त्यातच हडसन्स बेचा गव्हर्नर, आणि 1909 ला इराणातलं तेल काढणाऱ्या अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीचा पहिला चेअरमनही. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाला स्वतःच्या खिशातून घोडदळ उभं करून दिलं. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात मुलींच्या शिक्षणाला पैसा दिला, त्या मुलींना लोक त्याच्या नावावरून डोनाल्डा म्हणायचे.

"देशाचा वकील की कंपनीचा?" पक्या.

"त्याला फरकच वाटत नसणार," मी म्हणालो. मला तरी तसंच वाटतं.

बायकोचं मात्र निल्याने छान सांगितलं. इझाबेला मिश्र रक्ताची, स्थानिक वंशाची, लोक पाठीमागे कुजबुजायचे, पण याने तिला कधी लपवलं नाही. स्कॉटलंडमध्ये ग्लेन्कोला घर बांधलं आणि तिला करमावं म्हणून उत्तर अमेरिकेतली झाडं लावली. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत जागा मिळत होती तरी तो लंडनच्या हायगेट दफनभूमीत तिच्याशेजारीच पुरला गेला. यावर पक्याकडे उत्तर नव्हतं, त्याने चहा मागवला.

"पण तो वाकडा खिळा?" काकांनी विचारलं. "भंगारात?"

"छे, स्मिथनेच ठेवून घेतला. त्याचे तुकडे काढून बायकांसाठी दागिने केले."

काका इतके हसले की कप हिंदकळला. "पक्या, हे मात्र तुझ्या बँकेलाही जमायचं नाही."