स्पाला जायचंय? आधी माणसं बघा, मग रिसॉर्ट

जोडून सुट्टी आली की ग्रुपवर ‘कुठेतरी स्पाला जाऊ या’ सुरू होतं. कुणीतरी तलावाकाठच्या रिसॉर्टचा फोटो टाकतं, सगळे अंगठे दाखवतात, बुकिंग होऊन जातं. गडबड इथेच होते. ‘स्पा’ या एका शब्दात आपण चार वेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेत: हॉटेलातला मसाज, गरम पाण्याची कुंडं, निसर्गोपचार आणि पंचकर्म, म्हणजे आयुर्वेदातली शरीरशुद्धी. एकाला जे सुख वाटतं ते दुसऱ्याला शिक्षा वाटू शकते.

सगळ्यात जास्त फसगत पंचकर्माच्या नावाखाली होते. ‘२ रात्री, ३ दिवस पंचकर्म’ अशी जाहिरात दिसली तर सरळ पुढे जा. विरेचनाचंच, म्हणजे औषधाने पोट साफ करण्याचंच घ्या. आधी ३ ते ७ दिवस रोज वाढत्या मात्रेत औषधी तूप प्यायचं, मग दोन-तीन दिवस अभ्यंग (तेलाचं मालिश) आणि वाफ, मग प्रत्यक्ष विरेचनाचा दिवस आणि त्यानंतर पुन्हा ३ ते ७ दिवस पेया (पातळ पेज), विलेपी (घट्ट पेज), मुगाचं कढण असं पायरीपायरीने जेवणावर यायचं. हिशेब दोन आठवड्यांच्या आसपास जातो. शिवाय वसंतात वमन (औषधाने उलटी), पावसाळ्यात बस्ती (औषधी एनिमा), शरदात विरेचन असा ऋतूंचा ठोकताळा आहे. केरळात कर्किडकम महिन्यात, म्हणजे साधारण जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, उपचारांसाठी गर्दी असते ती यामुळेच. तीन दिवसांत मिळतं ते तेल लावणं आणि शेक. तेही छानच असतं, फक्त पैसे तेवढ्याचेच द्या. आणि नाडी, पोट, झोप, चालू गोळ्या काहीही न विचारता थेट टेबलावर झोपवत असतील, तर तिथे वैद्य फक्त पाटीवर आहे असं समजा.

निसर्गोपचार हा वेगळाच पिंड. पुणे-सोलापूर रस्त्यावरचा उरुळीकांचनचा आश्रम १९४६ मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने सुरू झाला. अशा ठिकाणी मातीची पट्टी, कटिस्नान (कमरेपर्यंत पाण्यात बसणं), मोजकं जेवण आणि लवकर झोप असा दिनक्रम असतो. ज्याला शांतता आणि शिस्त मानवते त्याने जरूर जावं. संध्याकाळी भजी लागणाऱ्या मेहुण्याला नेऊ नका, तो दुसऱ्या दिवशी गेटबाहेर टपरी शोधत फिरेल. दुसऱ्या दिवशी डोकं ठणकतं ते बहुतेकदा चहा एकदम तुटल्यामुळे. निघण्याआधी आठवडाभर चहा निम्म्यावर आणा, त्रास बराच कमी होतो.

कुंडांचा शौक असेल तर वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी मुंबईकरांना जवळ. कोकणात उन्हवरे, तुरळ, राजवाडी. ही मूळची देवस्थानाची जागा आहे. मऊ टॉवेल आणि लेमनग्रासचा वास शोधणाऱ्याची तिथे निराशा होईल. रविवारी दुपारी तर जाऊच नका, पहाटेचं पाणी स्वच्छ आणि गर्दी कमी. बायकांसाठी बंदिस्त सोय सगळीकडे नसते, आधी विचारून घ्या. गंधकाच्या पाण्यात चांदी काळी पडते, म्हणून जोडवी-पैंजण घरीच. एका वेळी दहा मिनिटं पुरेत. मग बाहेर बसा, पाणी प्या. मधुमेहाने तळपायाची जाणीव कमी झालेल्यांनी पाणी आधी दुसऱ्याला तपासायला सांगावं. त्यांना चटका कळत नाही, फोड आल्यावर कळतो.

राहता राहिला हॉटेलातला मसाज. रग्गड दाब आवडत असेल तर डीप टिश्यू. डुलकी काढायची असेल तर स्वीडिश. अंगाला तेल नको, कपडे काढायचा संकोच वाटतो, तर थाई मसाज: सैल कपडे घालून जमिनीवरच्या गादीवर, ताण देत देत. फुगलेल्या शिरा असतील किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर जोराचा दाब नको, आणि हे लाजून लपवू नका. जेवणानंतर दीड-दोन तास जाऊ द्या.

आता खरी मेख. एका टेबलावर तासाचा मसाज आणि मध्ये आवराआवरीची २० मिनिटं धरली तर दिवसाला जेमतेम आठ जण होतात. चाळीस खोल्या आणि तीन टेबलं असलेल्या रिसॉर्टमध्ये ऐंशी पाहुण्यांना चोवीस जागा! त्यातही दुपारी दोनला चेक-इन झालं की सगळ्यांना चार ते सातच हवं असतं. म्हणून खोलीबरोबरच मसाजची वेळ ठरवून लेखी मागा. ‘६० मिनिटं’ म्हणजे प्रत्यक्ष हात किती वेळ चालणार हेही विचारा. काही ठिकाणी कपडे बदलणं आणि आंघोळही त्यातच मोजतात.

घरातली सगळी मिळून जाणार असाल तर माझं मत सरळ आहे. स्पा ज्याचा जीव की प्राण आहे त्याच्या आवडीने जागा ठरवू नका, ज्याला स्पा नकोच आहे त्याला तिथे दिवसभर काय करता येईल ते बघून ठरवा. पोहायला तलाव, चालायला डोंगर, आजींना पायऱ्या न चढता मिळणारी खोली एवढं असलं की बाकीचे निवांत तेल लावून घेतात.

शिरोधारा, म्हणजे कपाळावर तेलाची धार, घेणाऱ्यांसाठी थोडं. धार कपाळापासून चार बोटं उंचीवरून, कोमट आणि सलग हवी. मध्येच तेल गार झालं किंवा खोलीत एसी घोंघावत असला तर हमखास डोकं जड होतं, लगेच सांगा. सर्दी असेल तर त्या दिवशी नकोच. नंतर केसांवर आधी पाणी ओतू नका. कोरडं बेसन किंवा मुगाचं पीठ चोळा, मग पाणी, नाहीतर तीन शाम्पू करूनही उशी तेलकट होते. आणि शेवटच्या दिवशी दुपारी शिरोधारा घेऊन लगेच खंडाळ्याचा घाट उतरायला बसू नका. गाडीची किल्ली त्या भजीवाल्या मेहुण्याकडे द्या.