घर विकणे आहे, पण नको

साठेखतावर सह्या होईपर्यंत त्या घरात एकही दोष नव्हता. "चारही बाजूंनी वारा," म्हणत काका एकेक खिडकी उघडून दाखवत होते. सह्या झाल्या, विसाराची रक्कम त्यांच्या खात्यात जमा झाली, आणि थोड्याच दिवसांत त्याच वाऱ्याने दारं आपटायला लागली. "रात्री दचकून उठायला होतं हो," ते फोनवर म्हणाले. "तुम्हाला बीपी वगैरे नाही ना?"

मग फोनवर फोन. शेजाऱ्यांचं घोरणं भिंतीतून ऐकू येतं. न्हाणीघराचा उतार उलटा आहे, पाणी मोरीकडे न जाता दाराकडे येतं. (घर बघायला गेलो तेव्हा हे गृहस्थ तिथेच पायपुसण्यावर का उभे होते, ते आता कळलं.) खुद्द मालकाच्या तोंडून घराची इतकी निंदा ऐकायचा योग फार थोड्यांच्या नशिबी येतो.

कारण काय, तर म्हणे काकूंचा जीव घरात अडकलाय. दलालाच्या मते कुणीतरी वरचा भाव सांगितलाय. दोन्ही खरं असावं. वरचा भाव आला की जीव जास्तच अडकतो.

वकीलबाई हसल्या. "त्यांना व्यवहार मोडायचाय, पण तुमच्या हातून." विकणारा फिरला तर विसार परत द्यावा लागतो, वर भरपाई मागता येते. शिवाय कोर्ट 'खरेदीखत करूनच द्या' असंही सांगू शकतं. घेणारा विनाकारण फिरला तर मात्र विसारावर पाणी सोडायची वेळ येते. म्हणजे जो आधी 'नको' म्हणेल, तो अडकला. "त्यांना काय हवंय ते लेखी मागा, आणि तुम्ही मोघम बोला," बाईंनी बजावलं. तेव्हापासून काकांच्या प्रत्येक तक्रारीवर मी नुसतं 'हं' म्हणतो. 'हं'पायी कुणाचा विसार बुडाल्याचं ऐकिवात नाही.

'लेखी द्या' म्हटलं की काकांच्या फोनची रेंज जाते. शेवटी काल सगळे दोष कागदावर उतरवून मीच फोन लावला.

"काका, एवढं सगळं आहे म्हटल्यावर किंमत थोडी कमी करायला हवी."

"कमी? कशासाठी?"

"ते घोरणं..."

"कसलं घोरणं? अहो, शेजारी तर कधीपासून परगावी आहेत!"