खिडकीला चिकटलेले मोबाइल

बेळगावच्या सांबरा विमानतळाची धावपट्टी 1942 साली ब्रिटिशांच्या हवाई दलाने बांधली, तिच्या शेजारीच आज भारतीय हवाई दलाची प्रशिक्षण शाळा आहे, हे पंचक्रोशीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तरीही विमान धावपट्टीकडे वळले आणि छायाचित्रे काढू नयेत अशी सूचना झाली, की नेमके त्याच क्षणी चार-पाच मोबाइल खिडक्यांना चिकटतात! परवा शेजारच्या काकांनी मांडीवरचा कुंद्याचा डबा माझ्या हाती सोपवला, सदऱ्याच्या बाहीने काच पुसली आणि चाके जमीन सोडेपर्यंत सलग चित्रीकरण केले. सूचना ऐकलीत ना, असे मी नम्रपणे विचारले, तर "अहो, आपलंच गाव की हे!" असे उत्तर मिळाले. गाव आपले असले, म्हणून धावपट्टी आपल्या घरचे अंगण होते काय? पुण्याचे लोहगाव तर हवाई दलाचाच तळ. तिथे उतरतानाही काकांनी तो डबा पुन्हा माझ्याच हाती दिला. आणि कुटुंबाच्या गटावर रोज सकाळी जवानांना सलाम ठोकणारे संदेश पाठवण्यात हीच मंडळी सर्वांत पुढे असतात.