घरबसल्या पिस्तूलतज्ज्ञ व्हा

परवा आमच्या मंडळाच्या गणपतीत, डॅलसमध्ये, प्रसादाच्या रांगेत मध्येच घुसून एका काकांनी जाहीर केलं, "इथल्या पोलिसांची पिस्तुलं आपोआप उडतात! कमरेला असताना!" मी फक्त विचारलं, "कुठलं पिस्तूल, काका?" त्यावर असा चेहरा केला, जणू मी त्यांचा पगार विचारला. अशी चूक तुमच्या हातून होऊ नये म्हणून हे चार शब्द.

पिस्तुलाचं नाव कधीही घेऊ नका. सिग सॉअर पी-३२० असं नेमकं सांगितलंत, तर एखादा आगाऊ माणूस वाचायला बसेल.

तारीख खोडा. २०१७ ची बातमी २०२५ मध्येही ताजीच लागते.

दोन वेगळ्या तक्रारींची भेळ करायला शिका. खरी कला इथे आहे. २०१७ मध्ये असं दिसलं, की हे पिस्तूल ठरावीक कोनात मागच्या बाजूवर आपटलं तर चाप जडत्वाने मागे सरकून गोळी सुटू शकते. आपल्याच डॅलस पोलिसांनी त्याचा वापर थांबवला होता. कंपनीने ऑगस्टमध्ये हलका चाप बसवून द्यायला सुरुवात केली आणि त्याला नाव दिलं 'ऐच्छिक अपग्रेड'. (दोष म्हणायचं नाही, बरं का! तेही आपल्या काकांचेच भाऊबंद.) होल्स्टरमध्ये (पिस्तुलाच्या कमरेवरच्या खोळीत) असताना, चाप न ओढता गोळी सुटते, ही तक्रार निराळी. कंपनी म्हणते, चाप ओढल्याशिवाय सुटणं अशक्य. जखमी पोलीस म्हणतात, आम्ही हात लावला नव्हता. २०२४ मध्ये जॉर्जिया आणि फिलाडेल्फियात ज्युरींनी कंपनीविरुद्ध निकाल दिले, दुसऱ्यात तर १ कोटी १० लाख डॉलर. पण तिथे मोठा मुद्दा होता, जादा सुरक्षा-खटका का दिला नाही. 'आपोआप उडतं हे सिद्ध झालं' आणि 'हलक्या स्पर्शानेही उडू नये अशी सोय नव्हती' यांतला फरक तुम्ही गिळायचा. कारण तो सांगायला दोन वाक्यं लागतात, आणि रांग तर पुढे सरकत असते.

शेवटी 'आलं तसं पाठवलं' लिहा. पाप धुतलं जातं.

आणि जुलैत पाठवलेल्याची ऑगस्टमध्ये आठवण ठेवू नका. वायोमिंगच्या हवाई तळावर २०२५ च्या जुलैत एक तरुण सैनिक एम-१८ च्या, म्हणजे याच पिस्तुलाच्या लष्करी भावाच्या, गोळीने गेला. हवाई दलाच्या त्या विभागाने पिस्तुलं बाजूला ठेवली. ते योग्यच होतं. पण आपल्या ग्रुपवर दुसऱ्या दिवशी निकालच लागला, आपोआप उडालं! ऑगस्टमध्ये दुसऱ्याच एका सैनिकाला अटक झाली. आरोपांत सदोष मनुष्यवध होता, खोटं सांगणंही होतं. ते कुणी पाठवलं? एकाने तरी?

नाही ना? काका, ही मस्करी पुरे. कुणाचा तरी पोरगा मेला आणि तुम्ही त्याचा फॉरवर्ड केलात. पिस्तुलात खोट असेल तर ती कमरेला लावून फिरणाऱ्या पोलिसाला तिचं नेमकं उत्तर हवंय, तुमचा थरार नको. कंपनीला धारेवर धरायचंय? जरूर धरा, मीही येतो, पण मॉडेल, वर्ष आणि तक्रार कुठली ते सांगून. जुलैचा तो मेसेज अजून ग्रुपवर तसाच आहे. आधी तो काढा.